अटॅचमेंट उघडत नाही

रविवार, १८ जानेवारी २००४

संपाला आज बावीस वर्षं झाली. हरेश्वर सकाळीच दारात येऊन गेला. भोईवाड्याच्या नाक्यावर जुन्या गिरणीवाल्यांची सभा आहे, येता का साहेब, म्हणाला. मी नाही म्हटलं. मी संपात नव्हतो. मी हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसात, आणि टाइम ऑफिस म्हणजे स्टाफ. कामगार गेटबाहेर, मॅनेजमेंट केबिनमध्ये आणि मी माझ्या टेबलाशी. हजर कोणीच नाही, तरी मस्टर रोज उघडलं आणि रोज बंद केलं. याला शिस्त म्हणतात. मिल पुढे बंद पडली ती पडलीच, पण माझ्या खात्यात एक चूक कोणी दाखवावी.

हरेश्वर शिवडीच्या कोळीवाड्यातला, फोल्डिंग खात्यात होता. संपानंतर त्याला परत घेतलं नाही. बापाच्या होडीवर गेला, तिथे गुडघे गेले, आता घरी बसतो. बायको सोनूबाई मार्केटात मासळी विकते. बाकीचे कामगार रस्त्यात भेटले तर मान फिरवतात, हा अजून साहेब म्हणतो. संस्कार असतात एकेकाचे.

आता महत्त्वाचं. मिलच्या कंपाउंडात काचेची बिल्डिंग झाली आहे. तिच्यातल्या एका कंपनीला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर पाहिजे. पेपरात जाहिरात आहे. वयाची अट पस्तीस. मी छप्पन्न. पण अनुभवी माणसासाठी अट शिथिल करतात, फक्त तसं छापत नाहीत. शिवाय त्या जागेची इंच न् इंच माहिती दुसऱ्या कोणाला आहे?

वासंतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बरं, म्हणाली. माझ्या बायकोला ॲम्बिशन नाही.

संकल्प: अर्ज दोन दिवसांत. सिगरेट बंद. इंग्रजीत विचार करण्याची सवय लावून घेणे.

मंगळवार, २० जानेवारी

अर्ज गेला. ईमेलने. पोस्टाने पाठवणारे तिथेच बाद. अनुभवाच्या रकान्यात 'प्रोप्रायटर, धैर्यवान इन्फोटेक' असं टाकलं. म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतलं सायबर कॅफे. चार मशीनं, एक प्रिंटर, केबलवाल्या जगदीशचं इंटरनेट. दादरच्या क्लासचं सर्टिफिकेटही लिहिलं. ही अख्खी चाळ एकेकाळी आजोबांची होती हे लिहिलं नाही. इंटरव्ह्यूत आपोआप निघेल.

एक सिगरेट ओढली. अर्ज गेल्याच्या आनंदात. ही धरायची नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

आलं!

सब्जेक्ट: 'रि: युवर ॲप्लिकेशन'. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नाही, पण अशा कंपन्यांत एचआरला दर महिन्याला नवी मुलगी असते. आत एकच ओळ. सोबतची फाइल पाहावी. पाल्हाळ नाही. मोठी माणसं कमीच लिहितात.

फाइलवर क्लिक केलं. नोटपॅड उघडलं, त्यात नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कावळ्याचे पाय. दुसरा कोणी घाबरला असता. मी जागच्या जागी ओळखलं: फॉन्टचा प्रॉब्लेम. पत्र मराठीत आहे आणि त्यांचा फॉन्ट आपल्याकडे नाही. इतक्या मोठ्या कंपनीने मराठीत पत्र पाठवावं, हे मात्र मानलं पाहिजे.

वासंतीला बोलावून दाखवलं. चष्मा लावून बघत राहिली. यात तुमचं नाव कुठंय, म्हणाली. मी म्हटलं, फॉन्ट बसला की दिसेल.

बुधवार, २८ जानेवारी

तीन मराठी फॉन्ट टाकून पाहिले. कावळ्यांचे पाय तसेच. एक नंबरच्या मशीनवर उघडत नाही म्हणून दोनवर, मग तीनवर, मग चारवर. प्रत्येकावर पुन्हा पुन्हा क्लिक केलं. सातत्य लागतं.

चारही मशीनं एकदम मंद झाली आहेत. कॉलेजची दोन पोरं अर्ध्यातच उठली, पैसे न देता. चारही मशीनं जोडणाऱ्या हबच्या डबीवरचे हिरवे दिवे मशीनवर कोणी बसलेलं नसलं तरी धडाधड लुकलुकतात. जगदीशला फोन करून झापलं की लाइन सुधार. तो म्हणतो काका, लाइन बरोबर आहे, तुमच्याकडनंच काहीतरी बाहेर जातंय, खूप जातंय. मी म्हटलं, आमच्याकडून बाहेर जाण्यासारखं काही राहिलेलं नाही.

केबलवाले सगळे एका माळेचे मणी.

शनिवार, ३१ जानेवारी

सोनूबाई आली. दर शनिवारी येते, मासळी आटोपली की. हिचा मुलगा रघू मालवाहू बोटीवर मेसमध्ये कामाला आहे. बोटीच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर कप्तान त्याला आठवड्यातून एकदा मेल बघू देतो. ही सांगते, मी टाइप करतो. त्याचं आलेलं मी वाचतो, ही ऐकते. नळावर कोपरापर्यंत हात धुऊन येते, पदराला पुसते, मग खुर्चीत बसते. देवळात बसल्यासारखी.

आज रघूचं मेल उघडायला फार वेळ लागला. सारखी विचारत होती, भाऊ, आज पोर बोलत का नाय? शेवटी उघडलं. बोट सुएझच्या जवळ आहे. पुढच्या कराराला याला सेकंड कुक करणार, असं कप्तान म्हणालाय. सोनूबाईने मला ती ओळ परत वाचायला लावली. मग आणखी एकदा. मग रडली. म्हणाली, लिवा भाऊ, थंडीत कानाला गुंडाळ, आणि कप्तानाशी नीट रहा, तोंड वर करून बोलू नको.

टाइप करता करता डोक्यात प्रकाश पडला. बोटीवरचं मशीन फॉरेनचं. त्यावर जगातले सगळे फॉन्ट असणार. सोनूबाईच्या पत्राखाली फाइल जोडून दिली. लिहिलं: रघू, ही उघड आणि आत काय आहे ते मला कळव. उघडली नाही तर पुन्हा पुन्हा उघड. अर्जंट. काका.

शामरावांनाही पाठवली. आमचे जुने हेड टाइमकीपर, अँटॉप हिलला मुलाकडे असतात, मुलाकडे कंप्युटर आहे.

कोणाकडे काय सोय आहे ते हेरून वापरून घेणे. मॅनेजमेंट, मॅनेजमेंट म्हणतात ती हीच.

सोमवार, २ फेब्रुवारी

उर्मिलाचा बँकेतून फोन. मुलगी असली तरी स्पष्ट लिहितो, बँकेच्या कंप्युटर खात्यात गेल्यापासून तिला बापाहून जास्त कळतं असं वाटतं.

म्हणाली, बाबा, सकाळपासून तुमच्याकडची घाण माझ्या मेलमध्ये पडतेय. काय उघडलंत? मी सांगितलं, अपॉइंटमेंट लेटर. तर म्हणाली, ते लेटर नाही, वर्म आहे. मग एक लेक्चर. व्हायरसला चिकटायला दुसरी फाइल लागते, वर्म आपल्या आपण फिरतो. फक्त पहिल्यांदा त्याला दार उघडून देणारा कोणीतरी लागतो, तो म्हणजे तुम्ही. क्लिक केलं की तो नोटपॅडात कचरा दाखवतो. आपण कचरा बघत बसतो तेवढ्यात आपली एक कॉपी विंडोजच्या फोल्डरमध्ये लपवतो, आणि मशीन चालू झालं की आपणही चालू व्हायचं अशी आत व्यवस्था लावून ठेवतो. मग मशीनवर जिथे जिथे ईमेलचे पत्ते असतील ते वेचतो आणि प्रत्येकाला आपलीच एकेक कॉपी पाठवतो. पाठवणाऱ्याचं नावसुद्धा खोटं, त्याच पत्त्यांतलं कुठलंही. सब्जेक्ट ठरलेले सात-आठ. बाबा, जगभर लोकांना 'युवर ॲप्लिकेशन' येतंय.

मी म्हटलं, जगभर लोकांनी अर्ज केला नव्हता. मी केला होता.

ती हळू आवाजात म्हणाली, चारही मशीनच्या नेटवर्कच्या केबली काढून ठेवा, कशावर क्लिक करू नका, आणि ते कोणाला पाठवू नका. मी रविवारी येते.

पाठवलंय हे सांगितलं नाही. तिने विचारलं नव्हतं.

केबली काढल्या नाहीत. कंपनीचं दुसरं पत्र यायचं झालं तर कुठून येणार?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

शामरावांचा फोन. मुलाचा कंप्युटर बिघडला, सूनबाई बोलायची बंद झाली, कमलाकांत तू काय पाठवलंस? मी म्हटलं, जुनं मशीन असेल. वीस वर्षं माझे साहेब होते, म्हणून अधिक बोललो नाही.

दुपारी जगदीशने आमची लाइन तोडली. अख्ख्या गल्लीचं इंटरनेट आमच्यामुळे लटकलंय, लोक त्याला शिव्या देतात, म्हणे. सरळ सरळ सॅबोटाज. नोकरी लागली की याच्याविरुद्ध तक्रार. लेटरहेडवर.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बाहेरचे लोक बोलवायचे नाहीत असं ठरवून कामाला लागलो. टास्क मॅनेजर उघडला. त्यात चालू असलेल्या प्रोग्रॅमांची नावं असतात. जी ओळखीची वाटली नाहीत ती एकेक बंद केली. तिसऱ्याला स्क्रीन काळा. पुन्हा चालू केलं तर सगळी पुन्हा हजर. उर्मिला म्हणाली होती खरं, चालू करताना तो आपोआप उठतो. पण तिने हे नीट समजावून सांगायला हवं होतं.

नंतर दोन नंबर मशीनवरच्या पुष्कळ फाइली पुसल्या. त्यात प्रिंटर गेला. प्रिंटरचा आणि वर्मचा संबंध असणार. अभ्यास करायला हवा.

सिगरेट दोन. टेन्शनच्या. या धरायच्या नाहीत.

रविवार, ८ फेब्रुवारी

उर्मिला दादरहून आली, पर्समध्ये फ्लॉप्या घेऊन. आल्या आल्या हबची वायर उपटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिची पद्धत लिहून ठेवतो. इंटरव्ह्यूत विचारतील. आधी नेटवर्क तोडायचं, चारही मशीनांचं, एकदम. एक साफ केलं आणि दुसरं जोडलेलं राहिलं तर फुकट. मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं, म्हणजे फक्त गरजेपुरतं जागं होतं आणि वर्म झोपलेला राहतो. विंडोज जुनी प्रत राखून ठेवतं ती सोय बंद करायची, नाहीतर पुसलेलं तिथून परत येतं. मग चांगल्या मशीनवरून आणलेलं वर्म काढायचं टूल फ्लॉपीवरून चालवायचं. त्या फ्लॉपीची छोटी खिटी सरकवून ठेवायची, म्हणजे फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही, ती बाटत नाही. टूल सगळी डिस्क चाळून काढतं. शेवटी ते मूळ मेल पुसायचं, अँटिव्हायरस ताजा करायचा, विंडोजची भोकं बुजवायची, आणि चारही साफ झाल्याशिवाय वायर जोडायची नाही.

माझ्या अँटिव्हायरसची मुदत मागच्या दिवाळीतच संपली होती. रोज एक खिडकी उघडून ते मला सांगत होतं. मी रोज बंद करत होतो. मला वाटलं जाहिरात.

अंधार पडेपर्यंत बसली होती. जाताना विचारलं, बाबा, ती फाइल आणखी कुठे ठेवली नाही ना? मी नाही म्हटलं. वासंती दारात उभी होती.

फाइल फ्लॉपीवर आहे. कपाटात, कोटाच्या खिशात. एखादी गोष्ट जपून ठेवली याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

जगदीशने उर्मिलाच्या शब्दावर लाइन परत दिली. (माझ्या शब्दावर नाही. लक्षात ठेवलं आहे.)

आता मशीनं स्वच्छ आहेत, म्हणजे पत्र उघडायला आदर्श परिस्थिती. अँटिव्हायरस मध्ये मध्ये लाल खिडकी उघडून ओरडत होता. त्याला बंद केलं. फ्लॉपी घातली, क्लिक केलं.

कावळ्यांचे पाय.

हबचे दिवे लागले ते विझायला तयार नाहीत.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज सोनूबाई आली ती हात न धुता. टोपली डोक्यावरच. दारातूनच बोलली.

रघूने कुठल्याशा बंदरातून शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन केला होता. मी पाठवलेली फाइल त्याने बोटीच्या ऑफिसात उघडली. काकांनी अर्जंट म्हटलंय म्हणून पुन्हा पुन्हा उघडली. त्याच मशीनवरून बोटीचा कंपनीशी पत्रव्यवहार चालतो. तो अडकला. बंदरात जागा केव्हा मिळणार, माल कुठे उतरवायचा, काहीच कळेना, बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली. कप्तानाने शोध घेतला तर रघूचं नाव निघालं. त्याला उतरवणार आहेत. पुढचा करार नाही. सेकंड कुकचं तर बोलूच नका.

सोनूबाई म्हणाली, मी तुमाला चिट्ठी लिवायला सांगितली भाऊ. तुमी तिच्यात काय घातलात?

मी तिला समजावून सांगत होतो की बोटीवर अँटिव्हायरस ठेवणं ही शिपिंग कंपनीची जबाबदारी, आणि ऑफिसच्या मशीनवर खलाशांना बसू देणं हेच मुळात बेशिस्तीचं. ती मध्येच निघून गेली. उंबऱ्यावर पाणी ठिबकलं होतं ते वासंतीने पुसलं. माझ्याकडे न बघता.

तांत्रिकदृष्ट्या माझा मुद्दा बरोबर आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

हरेश्वर आला. गुडघ्यांमुळे तीन पायऱ्या चढायला त्याला वेळ लागला. मी खुर्ची दिली. बसला नाही, मशीनकडे बघत उभा राहिला.

मग विचारलं, त्या फाइलीत होतं काय?

कॉन्फिडेन्शिअल आहे, म्हणालो.

होतं काय पण? पोराने माझ्या उघडून बघितलं, त्याला काय दिसलं नाय. सोनीला काय माहीत नाय. तुमी रोज बघता. काय होतं त्याच्यात?

मी फॉन्टचं सांगायला लागलो. तो ऐकत होता. माझं सांगून संपलं तरी ऐकतच होता. शेवटी म्हणाला, कमलाकांत, मला कामावरनं काढला तेव्हा मला ठाऊक होतं कशापायी काढला. सगळ्यांबरोबर बाहेर होतो, सगळ्यांबरोबर गेलो. पोराला काय सांगू? तू कशापायी गेलास?

आणि गेला. पहिल्यांदाच नावाने हाक मारली. चिडलेला माणूस मर्यादा सोडतो. मी मनावर घेतलेलं नाही.

जेवलो नाही. ॲसिडिटी.

रविवार, २२ फेब्रुवारी

वासंतीने उर्मिलाला सगळं सांगितलं. फ्लॉपीचंही. कोटाचा खिसा तिला कधीपासून माहीत होता कोण जाणे.

उर्मिला आली. या वेळी टूल नाही, सेफ मोड नाही, सरळ चारही मशीनं फॉरमॅट. म्हणजे डिस्क कोरी करून पहिल्यापासून सगळं घालायचं. मी म्हटलं, माझं दोन वर्षांचं काम आहे त्यात. कोणतं, म्हणाली. मला पटकन आठवलं नाही.

वासंतीने मला फ्लॉपी मागितली. मी म्हटलं, एक शेवटची शक्यता आहे, चर्चगेटला एक फॉन्टवाला आहे. ती हात पुढे करून उभी राहिली. भाजीवाल्यापुढेसुद्धा ही इतका वेळ उभी राहत नाही. दिली. तिने फ्लॉपीचं लोखंडी झाकण वाकवलं, आतली काळी चकती उपसून काढली आणि भाजीच्या कात्रीने तिचे तुकडे केले. कचऱ्यात टाकून हात धुतले आणि उर्मिलासाठी चहा ठेवला.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. ही बाई तोडफोड करते हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, ३ मार्च

निर्णय: समक्ष जाणे. पत्र गेलं तरी पद जात नाही.

कोट, टाय. मिलच्या गेटवर आता आडवा दांडा आणि गणवेशातला हेरंब नावाचा पोरगा. छातीवर पट्टी होती. त्याला सांगितलं, मी इथे एकवीस वर्षं होतो. तो म्हणाला, कुठल्या मजल्यावर? मी म्हटलं, तेव्हा मजले नव्हते. त्याने वहीत लिहून घेतलं आणि आत सोडलं. आमचं टाइम ऑफिस होतं तिथे कारंजं आहे.

एचआरची मुलगी चांगल्या घरातली वाटली. काका बसा, म्हणाली. नाव सांगितल्यावर तिने कंप्युटरमध्ये पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. कमलाकांत धैर्यवान म्हणजे तुम्हीच का? आतल्या एकाला हाक मारली, अरे, ते धैर्यवान आलेत. आत दोघंतिघं खुर्च्या वळवून बघायला लागले. मला वाटलं, अखेर.

तर झालं होतं असं. जागा जानेवारीतच भरली. माझा अर्ज कोणी वाचला नव्हता, वय बघून बाजूला ठेवला. अर्जाला उत्तर म्हणून कोणालाही काहीही पाठवलेलं नव्हतं. पण माझा पत्ता मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण माझ्या पत्त्यावरून त्यांच्याकडे शेकडो वर्मवाली मेल आली. नव्या ॲडमिनिस्ट्रेटरने पहिल्याच आठवड्यात पहिलं काम केलं ते मला ब्लॉक करण्याचं.

मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळे त्याला कामाचा अनुभव मिळाला.

ती मुलगी हसली नाही. पाणी हवंय का काका, म्हणाली.

पाणी प्यालो. घरी चालत आलो. वासंतीला सांगितलं की पगाराचं जमलं नाही.

मंगळवार, ९ मार्च

रघू घरी आलाय असं कळलं. मार्केटातून जाण्याऐवजी मागच्या रस्त्याने जातो. लांब पडतं, पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

कॅफेत कोणी येत नाही. गल्लीत मला काय म्हणतात ते कळलं. लिहीत नाही.

रविवार, २१ मार्च

पाडवा. गुढी वासंतीने उभारली. माझा हात वर जात नाही, खांदा धरलाय.

ती दुपारी साडी बदलून कुठेतरी गेली. संध्याकाळी आल्यावर कळलं की शिवडीला जाऊन आली. हरेश्वरकडे. एकटी. काय बोललीस, विचारलं. तुमच्याविषयी काही नाही, म्हणाली. मग थोड्या वेळाने, तुमच्या वतीनेही काही बोलले नाही, ते तुमचं तुम्हाला बोलावं लागेल.

जाणार आहे. योग्य वेळ बघून. परीक्षांचे दिवस संपू देत.

सोमवार, २९ मार्च

सकाळी वासंतीने बोलावलं म्हणून रघू आला. बरोबर सोनूबाई. बोटींवर माणसं भरणाऱ्या एजन्सींना अर्ज करायचे होते. बाहेरच्या कॅफेत त्याच्या आईला सुचत नाही, म्हणून इथे.

पोरगा उन्हाने काळा झालाय, बारीक झालाय. मला नमस्कार केला. मी ठरवलेलं बोलायला तोंड उघडलं. पण आधी कामाचं असावं असं वाटलं, म्हणून म्हटलं, सर्व्हिस का सोडावी लागली या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगतो, माझं इंग्लिश फॉर्मल आहे. आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून माउसला हात घातला.

काका, तुम्ही हात लावू नका, रघू म्हणाला.

आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. माझा हात उचलून बाजूला ठेवला, इतकंच. जेवणाच्या टेबलावरची थाळी उचलून ठेवावी तसा. सोनूबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठलो. वासंतीने माझी रिकामी खुर्ची ओढून घेतली, रघूशेजारी बसली आणि स्पेलिंगं बघायला लागली.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. आत तिघंही हळूहळू बोलत होते. एकदा सोनूबाई हसलीसुद्धा. कशाला ते ऐकू आलं नाही. दुपारनंतर आणखी दोन गिऱ्हाइकं आली, मला ओलांडून आत गेली.

मी आत गेलो नाही. चारही मशीनं दिवसभर नीट चालली.